एका म्हशीला एक पोरगं

म्हशीला पास लागत नव्हता.
दुधाला सूट होती, सकाळी सहा ते दहा,
आणि दूध काही नळाला येत नाही
हे कलेक्टरलाबी ठाऊक असणार.
गल्लीतल्या सगळ्या कड्या आतून लागलेल्या,
माझ्या तिघी तेवढ्या डांबरावर शेण टाकत
नदीला जायच्या, राजरोस.

वरच्या माडीवर मुल्लाण्यांचा आदिल
गजांत नाक खुपसून बघायचा.
समोरची कस्तुरी भिंतीवर चेंडू मारायची,
टप्. टप्. टप्.
आत्या कावायची तिच्यावर,
आणि इकडं गोठ्यात धार काढताना
माझा हात त्याच तालात पडायचा.
शुभंकरच्या घरातनं आवाजच नव्हता.
आई थोरल्या दवाखान्यात,
बाप फोनपाशी.

मी काही शिकलेली न्हाई.
पण दाव्याला ठेवलेलं रेडकू
चौथ्या दिवशी चारा तोंडात धरून
चघळायचं विसरतं, एवढं बघितलंय.

तिन्ही उंबऱ्यांच्या बाहेर उभी राहिले, पदर नाकावर.
म्हटलं, एका म्हशीला एक पोरगं.
दोन पोरांच्या मधी एक म्हस मावली पाहिजे,
डॉक्टर सांगतात त्याच्यापेक्षा हातभर जास्तच.
तोंडावरचं फडकं काढलं, की उद्या घरात.
आदिलची आई दोन दिवस विचार करत बसली.
तिसऱ्या दिवशी पोराला जुने बूट घालून
तिनंच खाली पाठवलं.

चौकात बांबू आडवा.
हवालदार खुर्चीतनंच म्हणाला, "ही कोण?"
"गुराखी."
"वय?"
"म्हशीचं सांगू, का पोराचं?"
तो हसला नाही. पण बांबू वर गेला.

पुढं एकदा आदिलची धाकटी बहीण मागं लागली,
तेव्हा त्यानं बोटांनी मोजलं,
"म्हशी तीन. पोरं चार."
"चौथी गाभण हाय साहेब, गोठ्यात हाय."
बांबू वर.

पहिल्या दिवशी मळीत सोडली
तर तिघं नुसती उभी.
एवढ्या मोकळ्या जागेचं करायचं काय
हेच पायांना आठवेना.
मग चांदी पाण्यात शिरली, डोळ्यांपर्यंत,
आणि नाकातनं असा फवारा सोडला
की कस्तुरी किंचाळून हसली.
त्या हसण्यानं सुरुवात झाली.
मी पाडव्याला घालते तशी हाळी घातली,
शिंगांना रंग न्हाई, गळ्यात कवड्या न्हाईत,
ऐन वैशाखात म्हशी उधळल्या माझ्यामागं
आणि त्यांच्यामागं पोरं,
चिखलात एक बूट गेला तो गेलाच.

शुभंकर पळाला नाही.
बांधावर बसायचा, काडीनं माती उकरत.
पाचव्या दिवशी उठला,
चांदीच्या कुशीला कान लावून उभा राहिला.
मी म्हटलं, काय ऐकतोस?
म्हणाला, "मोजतोय. हिचा श्वास चांगलाय."
मग थोड्या वेळानं,
"काकू, हिचा नंबर किती असंल?"
मला नंबरातलं काय कळतंय.
म्हटलं, नव्व्याण्णव.
त्यानं मान हलवली, दवाखान्यातल्या माणसागत,
आणि कस्तुरीच्या हातातला चेंडू मागितला.
तिनं लांबनंच टाकला. म्हशीवरनं.

आता बांबू गेला, खुर्ची गेली.
पोरं शाळेच्या रिक्षात बसून जातात,
मला बघून हात करतात, कधी विसरतात.
शुभंकरची आई परत आली का,
ते त्या घराचं हाय, मी सांगणार न्हाई.

चांदी मात्र अजून
साडेसहाला त्याच्या दारापुढं थांबते.
मी दावं ओढत न्हाई.
उभी राहते, तिच्या पोटाकडं बघत,
वर, खाली, वर.
मग ती शेण टाकते
आणि नदीला लागते.