छप्पन्न भोकं

चौदा माग होते माझे, वडगावात, मागच्या शेडमध्ये.
भंगारवाल्यानं किलोवर नेले, बोल्टांसकट.
कोब्यात राहिली छप्पन्न भोकं,
दर मागाला चार.
मोजायची गरज नव्हती. मोजली.

शर्मिष्ठा मुतगेकर भाडं विचारायला आली तेव्हा
सिमेंटची पिशवी मी आणूनच ठेवली होती.
"बॅले बसवायचाय, काका."
मला ऐकू आलं बॅलट.
म्हटलं, कसली निवडणूक गे, आणि कुठल्या भाषेत?
ती हसली नाही. चपला काढून आत गेली,
पाच नंबर होता त्या जागी उभी राहिली,
टाचा जोडून गुडघे वाकवले, हळू,
विहिरीत पोहरा सोडावा तसे.
पंचवीसशे ठरले. चार ते सात.

पोरं आठ. सात मुली, एक भरमू.
बुटांचं पार्सल पुण्याहून आलं.
मी एक उलटून बघितला: साटीनचा काठ बरा होता,
आत टोकाला गोणपाट आणि सरस, थरावर थर.
म्हणजे खळच की.
उभं राहायचं तर खळ लागतेच कुठली ना कुठली.

शर्मिष्ठा मोजायची, वंदू, येरडू, तीन, चार,
अर्धं गल्लीतलं, अर्धं घरातलं.
त्यात कुणी अडखळत नव्हतं.
भोकांत अडखळायची.
पहिल्याच आठवड्यात तनुजाचा अंगठा सुजला.
मी म्हटलं, उद्या बुजवून टाकतो सगळी.
ती म्हणाली, थांबा.
खडू मागितला, भोकाभोकाला गोल काढला,
आणि रात्री आठपर्यंत बल्बाखाली बसून राहिली.
जाताना विचारलं,
कुठल्या मागावर धागा जास्त तुटायचा?
"नऊ," मी म्हटलं. "हरामखोर होता."

कार्यक्रम टिळकवाडीत, रविवारी, भाड्याच्या हॉलात.
तीन नवे नाच. बसवणारे तिघं,
तिघांचं वय मिळून माझ्याएवढं.
पहिला इम्तियाज सौदागरचा: रेल्वे गेट पडलेलं,
आठही जण उभी, गाडीची वाट बघत,
चार मिनिटं नुसता घोट्यांचा थरकाप.
लोक खोकले. मला पटला.
तिसऱ्या गेटावर मीही असाच असतो,
एक पाय पेडलवर.
दुसरा कळला नाही. खरं ते सांगतो.

तिसऱ्याचं नाव पत्रिकेत 'धोटा',
वरच्या ओळीत कन्नडमधून 'लाळी'.
शेजारी शिवलिंगप्पा, त्याचे माग अजून चालतात,
दोन्ही ओळी वाचून त्यानं एकदाच मान हलवली.

स्टेज गुळगुळीत. फळ्या नव्या, बोट घसरेल अशा.
तरी पद्मश्री चौगुले धावत येऊन एका जागी उडाली,
नसलेल्या कशावरून तरी,
आणि मागनं येणारी तनुजा, बरोबर तिथंच.
भरमू वळला, हातभर अंतर सोडून.
मी खुर्चीच्या दांडीवर बोट टेकवलं.
एक. दोन.
दोघांमधली बोळ, जिथनं मी आडवा होऊन जायचो.
पाच.
कुणी काही उभं केलं नव्हतं,
नुसते वळसे घातले होते,
आणि वळशांच्या आत माझं लोखंड.

नवव्यापाशी पद्मश्री थांबली. संगीत पुढं गेलं.
टोकावरनं खाली उतरली, वाकली,
दोन बोटांत काहीतरी धरून पिळलं,
तोंडाशी नेऊन जास्तीचं दातानं तोडलं.
हे तिला कुणी दाखवलं?
मी नाही. मी फक्त शिवी दिली होती.
मागच्या रांगेतली बाई म्हणाली, चुकली वाटतं पोर.

दहाव्याभोवती आठही जणांनी फेर धरला
तेव्हा शिवलिंगप्पानं माझा दंड पकडला.
"अदु नंदू," कानात म्हणाला,
माझा तो, माझ्याकडनंच घेतलेलास,
त्याचे अडीचशे अजून द्यायचेत तू.