राइट हाफचं म्हणणं

लोक म्हणतात, जर्मन म्हणजे मशीन.
भिया, मी एकतीस वर्षं मशीनवर होतो,
परदेशीपुऱ्याच्या मिलमध्ये, कताई खात्यात.
मशीन कुणासाठी जागा सोडत नाही,
बोट गेलं तरी थांबत नाही.
त्यांचा तो मधला माणूस बघ,
चेंडू येण्याआधी दोनदा मान वळवतो,
मागे कोण, डावीकडे कोण,
रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखा.
ह्याला मशीन म्हणायचं?

आमच्यात एक इशाक असा बघायचा.
बाकी आम्ही सगळे चेंडूकडेच,
धार काढताना वासरू बघतं तसे.

सात-एकच्या रात्री
कॉलनीत कुणीतरी फटाके लावले.
मी पाचव्या गोलला आवाज बंद केला.
महूच्या पलटणीनं एकदा आम्हाला नऊ मारले होते.
नवव्यानंतर त्यांच्या सुभेदारानं
आमच्या धोंडू लाखेला हात देऊन उठवलं
आणि त्याच्या गुडघ्याची माती झटकली.
धोंडूला नऊ गोल लागले नाहीत,
ते झटकणं लागलं.

पुढं तेच जर्मन कोरियाकडून हरले,
जपानकडून हरले.
पोरं विचारतात, काका, झालं काय?
काय होणार?
नाव जुनं झालं की पाय त्याच्या भरवशावर राहतात.
मिलचा भोंगासुद्धा
शेवटच्या महिन्यापर्यंत अगदी वेळेवर वाजत होता.

आता टाचेवर रेषा आखतात, गोल काढून घेतात.
आमचा लाइन्समन विडी पेटवायला वळला
की ऑफसाइड नावाची गोष्टच नसायची.
न्याय हवा, मी कुठं नाही म्हणतो,
पण ओरडायला तीन मिनिटं थांबायचं
म्हणजे मंगलाष्टकं संपली तरी अक्षता मुठीतच.

नव्वदची फायनल टिल्लू वकिलांच्या ओसरीवर पाहिली.
भिकार मॅच.
पंच्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी.
सगळे चेंडूकडे बघत होते,
मी मारणाऱ्याच्या मानेकडे.
कारण नेहरू स्टेडियमवर, शहात्तर साली,
असाच एक चेंडू माझ्या पुढ्यात ठेवला होता
आणि मी वर पाहिलं होतं.
कीपर हसत होता.
जरासाच.

त्या जर्मननं, मला तरी वाटलं,
वर पाहिलंच नाही.

एवढाच फरक, भिया, आमच्यात नि त्यांच्यात.

आणि गवत.
त्यांच्याकडे गवत होतं.