पोटरीपासून टाचेपर्यंत

नॉर्थॅलर्टनच्या दप्तरखान्यात
गव्हाच्या पिठाची खळ शिजवून
मी एफ्राइम डिन्सडेलची वही सांधते आहे.
साडेतीनशे वर्षं जुनी, कसरीनं चाळण केलेली.
कसर खाते ती शाई सोडून खाते,
तेवढं तिला कळतं.

गाव आस्क्रिग. धंदा लोकरीचा,
रविवारी चर्चची घंटा वाजवणं.
उरलेला वेळ तो पाहायचा.
आणि मग लिहायचा, बोटं गोठली तरी:
'टिटवी आली. तेरा दिवस उशिरा.'
'नाकतोड्याच्या पायावरची करवत मोजली.
दुसऱ्या पायाची वेगळी भरली.'

पाकोळ्या थंडीत तळ्याच्या गाळात झोपतात
असं पाद्री म्हणाला,
म्हणून यानं भर जानेवारीत
सेमरवॉटरचा बर्फ फोडला,
कमरेइतक्या पाण्यात उतरून गाळ उपसला.
'मिळाल्या नाहीत. ताप आला.'
खाली, वेगळ्या शाईत, बहुधा उठून बसल्यावर:
'एकाच तळ्यात पाहिले, हे ध्यानी असावे.'

माझ्या टेबलावरून इतके कागद गेले,
इतकं कमी खोटं बोलणारा दुसरा नाही पाहिला.

पान एकसष्ट. चंद्रग्रहण.
समासात चंद्र, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखे,
लहान होत गेलेले, पुन्हा मोठे.
शेजारी आकडे, एक ते सत्त्याण्णव.
सत्त्याण्णव काय?
मिनिटं नव्हेत, नाडीचे ठोके नव्हेत,
घड्याळ घ्यायची ऐपत नव्हती, आणि चर्चचं घड्याळ
'दारू प्याल्यासारखे चालते', हे त्याचेच शब्द.
आमच्या सूचीत नोंद: एकक अज्ञात.

दोन महिने अज्ञातच होतं.
मग शिवणीत अडकलेला एक राखाडी धागा सापडला
आणि मलपृष्ठावर, मेणबत्त्या आणि मीठ यांच्या हिशेबात:
'टॅमसिनला, ग्रहणाबद्दल, दोन पेन्स.
मोजा पोटरीपासून टाचेपर्यंत.'

टॅमसिन. बहीण असावी.
या खोऱ्यातल्या बायका अंधारात विणायच्या,
गुरं वळताना, चढ चढताना,
हाताला डोळ्यांची गरजच नसायची.
म्हणजे हा नळी डोळ्याला लावून कुंपणाशी,
आणि ही दगडावर बसून, चार सुया, काखेत गुंडा.
फेरी पुरी झाली की म्हणायची, झाली.
हा आकडा मांडायचा.
स्पर्शापासून मोक्षापर्यंत
चंद्र एका मोज्यात मोजला दोघांनी.

त्या रात्रीचं गणित आता कंप्युटर सांगतो:
तीन तास अठ्ठावीस मिनिटं.
भागून पाहिलं.
एका फेरीला दोन मिनिटं नऊ सेकंद.
मी घरी सुया घेऊन बसले, नव्वद टाके घातले,
मला पावणेसात लागली, आणि मान धरली.

(मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं.
आई मांडी घालून नुसती बसून राहिली,
सुईला हात लावायचा नाही म्हणून.
रस्त्यावरून आरोळी जात होती,
दे दान, सुटे गिराण.)

पन्नासाव्या आकड्याजवळ,
चंद्र अगदी तांब्याच्या वाटीसारखा झाला असताना,
बारीक अक्षरांत:
'येथे एक टाका सुटला, कारण ती'

पुढे भोक आहे.
या एवढ्या एका जागी
कसरीनं शाईसुद्धा सोडली नाही.

झोप लागली? थंडी वाजली?
की यानं नळी पुढे केली, म्हणाला, बघ,
आणि जन्मात पहिल्यांदा
तिचे हात थांबले?
मला काय वाटतं ते वहीत भरता येत नाही.
एकाच तळ्यात पाहिलंय मी.

सूचीत 'अज्ञात' खोडून
पेन्सिलीनं लिहिलंय: टॅमसिनची फेरी.
वरिष्ठांची सही व्हायची आहे.
भोकाला पातळ कागद लावला, कोरा.
खळ वाळेपर्यंत वर वजन ठेवलं
आणि चहा घ्यायला गेले.