पंच क्रमांक दोन

पंचनाम्यावर सही माझी आहे.
टपरीवर चहा पीत होतो, जमादार म्हणाले, ये.
गेलो.
खुशाल गुरनुलेच्या दुकानात कम्प्युटर एक, जुना,
कार्ड रीडर दोन, अगरबत्तीचा पुडा,
आणि गाणी चार हजार तीनशे बारा.
गाणी मोजतात, हे मला त्या दिवशी कळलं.

नागपूरहून आलेला कंपनीचा माणूस
एकेक फोल्डर उघडत होता.
हळदीची. भीमगीतं. दंडारीची. ट्रॅक्टरसाठी.
शेवटचं नाव खुशालनं ठेवलेलं:
इंजिनाच्या वर ऐकू जातील अशी.
दहा रुपयांत कार्ड भरून.
पहाटे वैनगंगेची रेती भरून ट्रॅक्टर येतात
ते हीच वाजवत येतात.
त्यांच्या पंचनाम्याला मला अजून कोणी बोलावलं नाही.

शिक्षा काय, मी विचारलं.
सहा महिने. दंड पन्नास हजारांपासून पुढे.

आमच्या कोंडवाड्यात असं नाही.
बकरीचा दंड वेगळा, म्हशीचा वेगळा,
आणि ढोर तुरीत शिरलं तर
चार माणसं धुऱ्यावर उभी राहून बघतात
किती तासं खाल्ली.
इथं धुऱ्यावर कोणी गेलं नाही.
गाणं तर खाल्लं तरी उभंच होतं,
आठ गावांत उगवून आलेलं.
हे मी बोललो नाही.
खिशातला मोबाईल तेवढा बंद केला, हळूच.
त्यात सहाशे होती.

एकशे सत्ताविसाव्या ओळीवर
रोवणीचं गाणं निघालं, तानाबाई कुमरेचं.
कंपनीवाल्यानं बोट ठेवलं: हेही आमचंच.
खुशाल खाली बघत होता.

संध्याकाळी तानाबाईला सांगायला गेलो.
अंगणात मोहफुलं पसरवत होती, थांबली नाही.
"त्यायनं तीनशे रुपये देल्ले, एक पातळ.
कागदावर आंगठा घेतला.
मंग मी खुशालकडं गेली, म्हन्लं,
माहं गानं माह्या नातवाच्या फोनात टाकून दे.
त्यानं दहा घेतले."
फुलं उलटी केली.
"सुटे नव्हते. वीस देल्ले होते मी.
दहा अजून त्याच्याकडंच हायत.
आता कोर्ट त्याच्याकडून पन्नास हजार घेईन,
तं माहे दहा कोन देईन?"

तारीख पडली आहे, अठरा तारीख.
वकील म्हणतात, जे पाहिलं तेवढंच सांगायचं.
दहा रुपये मी पाहिलेले नाहीत.