चार

फरवानियाच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्रपाळीत मी इंग्रजीचा अभ्यास करते.
परीक्षा जूनमध्ये. पुस्तक सिस्टर जिन्सीचं,
तिच्या पेन्सिलीच्या खुणा मी खोडत नाही.

पुस्तक म्हणतं, 'पेन' (हातातलं नव्हे)
अचानक येतं, त्याच्यावर बोट ठेवता येतं.
'एक' (आकड्यातला नव्हे)
मंद, रेंगाळणारा,
खोलीतल्या एसीच्या घरघरीसारखा
अंगवळणी पडलेला.
दात, डोकं, पाठ, पोट, कान,
यांच्या शेपटीला 'एक' जोडतात.
गुडघ्याला नाही.
का, ते दिलेलं नाही.
'सोअर' म्हणजे हात लागला की कळतं ते.
'हर्ट' अंगाचंही, मनाचंही,
एकाच क्रियापदात दोघांचं भागवलंय.

साडेअकराला इस्माईल पारकर आले,
दाभोळचे. एकतीस वर्षं
अबायांवर मणी लावतायत.
अंगठ्यापासून कोपरापर्यंत काहीतरी.
डॉक्टर मिसरी, त्यांनी इंग्रजीत विचारलं.
पारकरांनी माझ्याकडे बघितलं.
"सांग बाय तेंना. दुखत नाय.
ठणकत पन नाय.
सलतंय."

कळ, चमक, उसण, शूळ,
भाजल्यावरची भगभग,
ठुसठुस, जी फक्त पिकत्या गळवाची,
आईच्या पोटात उठायचा तो गोळा,
सगळे माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले,
कागद अपुरे असलेल्या माणसांसारखे.
काउंटर एकच. शून्य ते दहा.

मी 'पेन' म्हटलं. पटेना.
मग 'एक' म्हटलं.
डॉक्टर हसले, हाताला तसं कुणी म्हणत नाही.
चार लिही, म्हणाले.

"काय लिवलंस?"
"चार."
"चार काय?"

पुढच्या धड्यात 'क्युअर' आणि 'हील'.
पहिलं डॉक्टर करतो,
दुसरं जखम आपली आपण होते.
आपल्याकडे दोन्हीला बरं.
गोळ्यांची पुडी खिशात घालत
पारकर दारातून म्हणाले, "बरं, येतो."
हे कुठलं, ते मी शोधलं नाही.

पहाटे धुळीनं खिडकी तांबूस झाली.
आवरताना दिसलं,
त्यांच्या बाहीतून पडलेला असणार,
काळा, मोहरीएवढा मणी
पुस्तकाच्या घडीत, शिवणीशी.
नखानं काढायला गेले, आत सरकला.

तेव्हापासून ते पुस्तक
नीट मिटत नाही.