छाट

शासकीय प्रकाशनं आमच्या ग्रंथालयात सुतळीत बांधून येतात.
गठ्ठा सोडायचा, शिक्का मारायचा,
नोंदवहीत दाखल अंक टाकायचा,
आणि कपाट नंबर अकरा.
अकराला कुलूप नाही. लागलंच नाही कधी.
धोरणं, मसुदे, समित्यांचे खंड एक, दोन, चार.
(तिसऱ्यासाठी स्मरणपत्रं पाठवली. उत्तर आलं,
‘आपले पत्र मिळाले.’)
एप्रिलात पुठ्ठे वाकतात.
सोलापूरचं ऊन अहवालालाही सोडत नाही.

त्यात एक पातळ, पिस्त्या रंगाचा:
शालाबाह्य मुली, सोलापूर शहर, पूर्व भाग. एक पाहणी.
किंमत रुपये एकोणीस.
वीस वर्षं कपाटात, आणि पानांचे जोडही कुणी फाडले नव्हते.
मी पट्टीनं फाडत गेले
आणि एकसष्टाव्या पानावर आमचा बोळ निघाला.

परिशिष्ट ब. नमुना कुटुंब चौतीस.
कुटुंबप्रमुख: दुडम नरसव्वा.
व्यवसाय: विड्या वळणे.
सहा ते चौदा वयाच्या मुली: शून्य.

ते गुरुजी मला आठवतात.
बगलेत छत्री, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग,
उंबऱ्यावर बसून मराठीत विचारत होते,
‘शाळेच्या वयाची मुलगी आहे का घरात?’
आई सुपावरून मान न उचलता म्हणाली,
‘लेदु.’

लेदु म्हणजे नाही.
आत्ता इथे नाही, तेही लेदु.
मुळात नाहीच, तेही लेदु.
आमच्या तेलुगूत दोन्हींना एकच शब्द,
त्यांच्या तक्त्यात दोन्हींना एकच रकाना.
गुरुजींचं काही चुकलं नाही.

मी पाण्याच्या पिंपामागे होते,
मांडीवर ओली पानं, दातात दोरा,
विड्यांची तोंडं मिटत.
बोळात बातमी होती,
लेकरू कामाला दिसलं तर कार्ड जाणार.
कार्ड गेलं की पान नाही, तंबाखू नाही, शनिवार नाही.
म्हणून श्वाससुद्धा हळू घेतला.
गुरुजींनी पाणी मागितलं तेव्हा मात्र
आईनं पिंपात तांब्या बुडवला
आणि दुसऱ्या हातानं माझं डोकं खाली दाबलं.

कारखान्यात हजार विड्या मोजून घेत,
त्यातल्या पन्नास-साठ बाजूला सारत. छाट.
छाटेचे पैसे नाहीत.
छाट परतही मिळत नाही.
ती कुठे जाते हे विचारायचं नसतं.

पुढे शाळा मिळाली, ती वेगळी गोष्ट.
तिच्यात एकाही अहवालाचा हात नाही,
साखर पेठेतल्या येलदी टीचरांच्या
सायकलच्या कॅरिअरचा आहे.

मागच्या मंगळवारी एक संशोधक आला,
पुण्याहून, सकाळच्या गाडीनं,
पाठीवर लॅपटॉप, हातात शेंगाचटणीचं पुडकं, घरच्यांसाठी.
हाच अहवाल हवा होता.
‘गळतीवरचं एवढं जुनं काम दुसरीकडे नाही,’ म्हणाला.
मग जरा थांबून,
‘मॅडम, आकडे भरवशाचे आहेत ना?’

पंधरा वर्षांत अकरा नंबरच्या कपाटाबद्दल
मला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.
म्हटलं, ‘बेरीज बरोबर आहे.
मी सगळी पानं तपासली.
छाट आधीच काढलेली आहे.’
तो हसला, त्याला वाटलं ही ग्रंथालयातली काही संज्ञा असेल.
वहीत लिहून घेतली.

एकसष्ट नंबरचं पान मीच झेरॉक्सवर धरलं.
बांधणी घट्ट, पुस्तक उघडं राहीना,
अंगठ्यानं दाबून ठेवावं लागलं.
कागद बाहेर आला, गरम.
सगळे रकाने स्वच्छ,
फक्त चौतिसाव्या ओळीच्या शेवटी
शून्याला खेटून
माझा काळा अंगठा, कात्रीच्या जुन्या घट्ट्यासकट.

‘दुसरी काढू या का?’ तो म्हणाला. ‘बोट आलंय.’
‘राहू दे,’ मी म्हटलं.
‘दोन रुपये झाले.’