साठ–एकोणसाठ

पाच-शून्य.
फळ्यावर खडूनं एवढंच लिहिलं होतं
आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरची माणसं
तेवढंच घेऊन घरी निघाली.
पंचेचाळीस वर्षं झाली, अजून पोचलेली नाहीत.

गणपत गल्लीत, सटूच्या सलूनमध्ये,
रविवारी तोंडाला फेस असतानाच सुरू होतं.
"एकतर्फी? कसली एकतर्फी ओ?
परशराम काकतकरानं तिसऱ्या फेरीत
इराप्पाला दोरीवर वाळत घातलं होतं की!"
"खरं पंच पाच होते. पाचांनी इराप्पाकडं बोट केलं.
आणि किती पाहिजेत तुम्हाला? सहावा?"
कुणी म्हणतो, पंच सगळे धारवाडचे.
कुणी म्हणतो, एक मिरजेचा होता, त्यानंही दिलं नाही.
मिरजेत काय हरामखोर नसतात, असं तिसरा.
सटू वस्तरा पट्ट्यावर घासत गप्प.
त्याला दोन्हीकडची डोकी भादरायची असतात.

मला कोण विचारत नाही.
मी त्या रात्री बारा वर्षांचा.
मंडप बापाचा, म्हणून मला आत काम:
पाच टेबलांवरनं पाच चिठ्ठ्या उचलायच्या,
मोठ्या टेबलावर द्यायच्या. पळत. वाचायच्या नाहीत.
वाचल्या.
साठ–एकोणसाठ. साठ–एकोणसाठ. साठ–एकोणसाठ.
चौथ्यानं एकोणसाठ खोडून अठ्ठावन्न केलेलं,
परत खोडून एकोणसाठ.
पाचव्याची शाई घामानं फुटलेली, आकडा तोच.

केसाएवढा फरक,
आणि तो पाच जणांना एकाच अंगाला दिसला.
ह्याला काय म्हणतात
ते मला शाळेत कुणी शिकवलं नाही.
एकमुखी आणि एकतर्फी,
दोन्ही शब्द आमच्या भागात एकाच खुंटीला असतात,
अंधारात ज्याच्या हाताला जो येईल
तो अंगात घालून बाहेर पडतो.

एकदा सांगून बघितलं सलूनमध्ये.
"एका गुणानं? म्हणजे चोरीच की!"
"पाचही जणांनी? म्हणजे पक्कंच की!"
माझी चिठ्ठी त्यांनी मधोमध फाडून वाटून घेतली.
आमच्याकडं निकाल म्हटला की
माणूस आधी विचारतो, कुणी दिला,
मग विचारतो, कुठल्या भाषेत,
काय दिला हे येईपर्यंत चहा निवतो.

दसऱ्यानंतर वडगावला गेलो होतो, परशरामकडं.
हातमाग कधीच मोडीत गेला,
पाय सोडायचा खड्डा तेवढा राहिलाय.
खड्ड्याच्या कडेला पाय सोडून दोघं बसलेले,
हा आणि इराप्पा.
दर अमावास्येला गोकाकहून येतो म्हणे, पहिल्या बसनं,
करदंटाचा डबा घेऊन.
दात दोघांनाही नाहीत.
खलबत्त्यात कुटतात, चमच्यानं खातात.

विचारलंच मी.
"इराप्पाण्णा, खरं सांगा, त्या दिवशी
फरक किती होता तुमच्या दोघांत?"
"एनंद्री?"
परत विचारलं, जरा मोठ्यानं.
"एनंद्री?"
परशराम हसला.
त्याची डावी मूठ अजून पुरती उघडत नाही,
त्याच मुठीनं चमचा धरलेला.
"त्या कानात बोलू नको रे.
तो तिसऱ्या फेरीपासनं बंद हाय.
इकडनं ये."

असलं काही
पाचांतल्या एकाही चिठ्ठीवर नव्हतं.
त्याला रकानाच नव्हता.

मी उठलो, वळसा घालून आलो.
इराप्पाचा चांगला कान परशरामच्या बाजूला.
त्या कानात बोलायचं तर
दोघांच्या मधे बसायला लागलं असतं.
तिथं जागा नव्हती.
तिथं डबा होता.